गोष्टीतली हडळ आणि गल्लीतली बाई

मोबाईलवर पुस्तकं ऐकता का, आणि कसली ऐकता, असं आपण गटागटांत विचारलं होतं. बऱ्याच जणींनी आधी इकडेतिकडे पाहिलं आणि मग हळूच सांगितलं, भुताखेताची!

त्यात लाजायचं काय? नारायण धारपांनी शंभरावर पुस्तकं लिहिली, रत्नाकर मतकरींनी गूढकथा लिहिल्या, आणि लोकांनी त्या आवडीनं वाचल्या. आपल्या गावात वाचनालय नव्हतं, कुणाची शाळा अर्ध्यावर सुटली, म्हणून त्या आपल्यापर्यंत आल्या नाहीत, एवढंच. २०१७ साली स्टोरीटेल भारतात सुरू झालं, तेव्हापासून अशी मराठी पुस्तकं मोबाईलवर ऐकायला मिळू लागली. आता शेंगा फोडता फोडता कादंबरी संपते.

मतं मात्र एकासारखं एक नाही. वयानं मोठ्या बायांना धारपांचे समर्थ आवडतात. कितीही वाईट शक्ती असो, समर्थ आले की जिवात जीव येतो, मग झोप लागते. तरण्या सुना म्हणतात, मतकरी जास्त घाबरवतात, कारण त्यांची माणसं आपल्यासारखी असतात; साधं घर, साधा संसार, आणि भीती बाहेरून न येता माणसाच्या मनातून निघते. मला स्वतःला मतकरी पटतात, पण रात्री एकटीनं नाही.

आवाजाबद्दल तर भांडणच झालं. वाचणारा ओरडायला लागला की भीती पळते, असं बहुतेकींचं म्हणणं. मागं ढणाढणा संगीत लावलं तर शब्दच कळत नाहीत. आजी चुलीपुढं सांगायची तसा खालचा, सावकाश आवाज हवा. एक ताई म्हणाल्या ते मला फार नेमकं वाटलं: पुस्तकात नको ते पान आलं तर डोळा पुढं पळतो, कानाला पळता येत नाही. शब्द येईल तेव्हा येणार. म्हणून ऐकलेली भीती जड जाते. फार झालं तर बंद करायचं बटण आहेच. आणि पोरं जागी असतील तर कानात यंत्र घालून ऐका, मोठ्यानं लावू नका.

बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांची आठवण काही जणींच्या घरात सासऱ्यांकडून आलेली. चोर कोण, यावर पैजा लावायला त्या बऱ्या.

पण एका बैठकीत एका सुईणबाईनं विचारलं आणि सगळ्या गप्प झाल्या. बाळंतपणात मेलेली बाईच हडळ का होते? तिला दवाखान्यात वेळेवर नेलं नाही, ते का नाही कुणाच्या मानगुटीवर बसत?

गोष्टीत हडळ असावी, माझी हरकत नाही. अंगावर काटा यावा म्हणूनच आपण ऐकतो. पण गोष्ट संपल्यावर कुणी गल्लीतल्या एकट्या राहणाऱ्या म्हातारीकडे बोट दाखवलं, हिच्या नजरेनं म्हैस आटली म्हणाली, तर तिथं गोष्ट राहत नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर ज्या कायद्यासाठी वर्षानुवर्षं झटले, तो जादूटोणाविरोधी कायदा २०१३ साली आला, त्यांचा पुण्यात खून झाल्यानंतर. करणी करते, जनावराचं दूध आटवते असं सांगून कुणाला त्रास देणं हा त्यात गुन्हा आहे. शिक्षा ६ महिने ते ७ वर्षं, शिवाय ५ हजार ते ५० हजार रुपये दंड. तक्रार आपल्या पोलीस ठाण्यात करता येते. चार जणी मिळून जा, एकटीला पाठवू नका.

पुढच्या बैठकीत एकाच मोबाईलवर सगळ्यांनी मिळून एक गोष्ट ऐका. आवाज कसा वाटला, कुठं बंद करावंसं वाटलं, त्यातली बाई भूत का झाली, हे बोला आणि आम्हाला कळवा. शेवट मात्र लिहू नका; आमच्या गटाची निम्मी गोष्ट अजून व्हायची आहे.