वर सावली, खाली सिमेंट

(रेडिओवरील भाषण)



मे महिन्याच्या टळटळीत दुपारी मुंबईत दादर टीटीवरून माटुंग्याच्या दिशेनं निघालात आणि उजव्या हाताला पारशी कॉलनीत वळलात, की पहिल्या पन्नास पावलांतच घामाची धार थांबते. हॉर्नचा कलकलाट मागं राहतो. इमारती दोन-तीन मजल्यांच्या, आणि त्यांच्याही डोक्यावर झाडं. कुणी पत्ता विचारला तर इथली माणसं गल्लीचं नाव सांगतात, पण बाहेरच्या माणसाला कॉलनी आठवते ती झाडांमुळे. इथल्या फाइव्ह गार्डन्स या बागांमध्ये फेरी मारायला सायन-वडाळ्याहून माणसं येतात, ती इमारती बघायला येत नाहीत.

ही झाडं तिथं आपोआप उगवलेली नाहीत. त्यांच्यामागं एका भयंकर साथीचा इतिहास आहे. १८९६ साली मांडवीच्या दाट वस्तीत प्लेग शिरला. तो पहिल्यांदा ओळखला मूळचे गोव्याचे असलेल्या डॉ. अकासियो व्हिएगस यांनी. धोबीतलावजवळ त्यांचा पुतळा आहे. प्लेगनं माणसं पटापट मेली, हजारोंनी शहर सोडलं, गिरण्या ओस पडल्या. तेव्हा सरकारला कळून चुकलं, की अंधाऱ्या खोल्या आणि कोंदट गल्ल्या तशाच ठेवून हे शहर चालणार नाही. १८९८ साली बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. रुंद रस्ते काढायचे, हवा खेळती ठेवायची आणि शहर उत्तरेकडे पसरवायचं, हे त्याचं काम. दादर, माटुंगा, वडाळा, सायन या भागांची आखणी त्यातूनच झाली.

या ट्रस्टमध्ये मंचेरजी एदलजी जोशी नावाचे एक पारशी इंजिनिअर होते. मध्यमवर्गीय पारशांना परवडतील अशी घरं व्हावीत म्हणून त्यांनी ट्रस्टकडून १०३ भूखंड मागून घेतले. पण नुसते भूखंड मिळवून ते थांबले नाहीत. वसाहतीचा नकाशा काढताना कुठल्या रस्त्यावर कुठलं झाड लावायचं, हेसुद्धा त्यांनी ठरवलं. जाम-ए-जमशेद रस्त्यावर अशोक, फिरदौसी रस्त्यावर महोगनी. आज आपण नकाशा मंजूर करून घेतो तेव्हा त्यात लिफ्ट किती, गाड्या कुठं लावायच्या, पाण्याची टाकी कुठं, सगळं असतं. झाडाचं नाव लिहिलेला नकाशा तुम्ही शेवटचा कधी पाहिलात?

फिरदौसी रस्त्यावरच्या महोगनीखाली फेब्रुवारी-मार्चमध्ये जरा थांबून बघा. जुनी पानं थोड्याच दिवसांत झडतात आणि लगेच तांबूस कोवळी पालवी फुटते. हे इतक्या झटपट होतं, की आठवडाभर बाहेरगावी गेलेल्या माणसाला परतल्यावर रस्ता वेगळाच दिसतो. फांदीवर मुठीएवढी, लाकडासारखी टणक, तपकिरी फळं उभी असतात. ती तडकली की आतून पंख असलेल्या बिया सुटतात आणि भिरभिरत खाली येतात. कॉलनीतली पोरं त्या पुन्हा पुन्हा वर उडवतात. पाठीला दप्तर असतं, वर आईच्या हाका चालू असतात, आणि बी जमिनीला टेकेपर्यंत कुणी हलत नाही.

मुंबईच्या रस्त्यांवरची पुष्कळशी ओळखीची झाडं या महोगनीसारखीच परदेशातून आलेली. महोगनी आणि पर्जन्यवृक्ष अमेरिका खंडातले, गुलमोहर मादागास्करचा. ते आपले की परके, हा वाद आता करून काय उपयोग? नवीन झाड लावताना देशी निवडावं, हे खरंच. पण शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर पर्जन्यवृक्षाच्या सावलीत ज्यांच्या चार पिढ्या गप्पा मारत बसल्या, त्यांना त्या झाडाचं मूळ गाव विचारायची गरज वाटलेली नाही. संध्याकाळ झाली की त्याची पानं जोडीजोडीनं मिटतात. त्यावरून कट्ट्यावरचे म्हातारे घरी जायची वेळ ओळखतात, असं म्हटलं तरी चालेल.

मंचेरजींच्या आखणीतला आणखी एक शहाणपणा आपल्याला अलीकडे कळला. दहा-बारा वर्षांपूर्वी मुंबईतल्या पर्जन्यवृक्षांवर पिठ्या ढेकणाची कीड आली. पांढरा, कापसासारखा थर फांद्यांवर चढला आणि बघता बघता मोठमोठी झाडं वाळून खराटा झाली. सगळीकडे एकच जात लावली असेल तर एक कीड अख्खी वस्ती उघडी पाडू शकते. रस्ता बदलला की झाड बदलतं, अशी रचना असेल तर फार तर एक रस्ता जातो. सौंदर्यासाठी केलेली वाटणी अशी संरक्षणासाठीही कामी येते.

१९३३ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला. तेव्हापासून रस्त्यावरच्या या झाडांची जबाबदारी पालिकेची, आणि म्हणून तुमची-माझीही. आपण ती कशी पार पाडतो?

श्रोतेहो, झाडावर प्रेम करणारी माणसं सहसा वर बघतात. फुलं बघतात, सावली बघतात, फोटोही वरचाच काढतात. झाडाचं जगणं-मरणं मात्र खाली ठरतं. फुटपाथवर पेव्हर ब्लॉक बसवताना बुंध्याला चिकटून सिमेंट ओततात. वर गेरू-चुन्याचे पट्टे ओढले की काम नीटनेटकं दिसतं. प्रत्यक्षात काय होतं? झाडाला अन्न-पाणी पुरवणारी बहुतेक मुळं जमिनीच्या वरच्या दोन-तीन फुटांत असतात. त्यांना पाणी लागतं तशी हवाही लागते. सिमेंटमुळे पावसाचं पाणी थेट गटारात जातं. बुंधा जाडीला वाढायला जागा मागतो, ती मिळत नाही आणि त्याच्या तळाशी कुज लागते. मग केबलसाठी चर खणला जातो आणि एका बाजूची मुळं सपासप तुटतात. पावसाळ्याच्या तोंडावर छाटणी होते, तीही बऱ्याचदा एकाच बाजूची. गाड्यांना किंवा खिडकीला आड येणाऱ्या फांद्या तेवढ्या जातात आणि झाडाचा तोल जातो. मे २०२१मध्ये तौक्ते वादळात मुंबईत ठिकठिकाणी झाडं उन्मळून पडली. आपण वाऱ्याला दोष दिला. पडलेल्या झाडाचं बूड मात्र कितीजणांनी निरखून पाहिलं?

कायदा नाही असंही नाही. महाराष्ट्रात नागरी भागातल्या झाडांच्या संरक्षणासाठी १९७५ सालचा अधिनियम आहे. वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. तोडायचा प्रस्ताव असेल तर झाडावर सूचना चिकटवावी लागते आणि नागरिकांना मुदतीत हरकत घेता येते. २०२१च्या दुरुस्तीनं पन्नास वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला हेरिटेज वृक्षाचा दर्जा दिला. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं २०१३ साली दिल्लीच्या एका प्रकरणात सांगितलं, की बुंध्याभोवती एक मीटर परिसरातलं काँक्रीट काढून टाका. एक मीटर म्हणजे फार काही नाही, एका ढांगेएवढी माती. तेवढी मोकळी मिळाली तरी झाडाला श्वास घेता येतो.

कागदावर एवढं सगळं असूनही झाडं जातात, कारण कायद्याला तक्रारदार लागतो. नळाला पाणी आलं नाही तर आपण अर्ध्या तासात फोन करतो. कचऱ्याची गाडी चुकली तर सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रणकंदन होतं. बुंध्याभोवती सिमेंट ओतलं जात असताना मात्र आपण बाल्कनीतून बघतो, चहा संपवतो आणि आत जातो. रस्त्यावरचं झाड ही रस्त्यावरच्या दिव्यासारखी आणि गटारासारखी नागरी सोय आहे, हे मंचेरजींच्या पिढीला समजलं होतं. प्लेगनं समजावलं होतं म्हणा ना. आपण झाडाला शोभेची वस्तू मानतो आणि शोभेसाठी कुणी भांडत नाही.

आणखी एक गोष्ट. शंभर वर्षांपूर्वी एकाच वेळी लावलेली झाडं म्हातारीही एकाच वेळी होतात. एक झाड पडलं की पालिका ओंडके उचलून नेते, खड्डा बुजवते, वर फरशी बसते. महिन्याभरानं त्या जागी स्कूटर उभी असते. बोळकं झालेल्या तोंडासारखे हे रस्ते हळूहळू रिकामे होत जातात आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. दुसरीकडे जूनमध्ये वृक्षारोपणाचे समारंभ जोरात होतात. रोपापेक्षा फलक मोठा असतो. पुढच्या उन्हाळ्यात लोखंडी पिंजरा तेवढा उरतो, आत वाळकी काडी. नवी जागा शोधत बसण्याऐवजी जिथलं झाड गेलं तिथंच, त्याच खड्ड्यात, त्याच पावसाळ्यात दुसरं लावावं, एवढा साधा नियम पाळला तरी जुन्या वस्त्या उघड्या पडणार नाहीत.

तेव्हा श्रोतेहो, पाऊस सुरू व्हायच्या आत एवढं करा. आपल्या इमारतीसमोरच्या झाडाचं नाव माहीत नसेल तर विचारून घ्या. एकदा त्याच्या बुंध्याशी वाका आणि बघा. सिमेंट थेट खोडाला भिडलेलं असेल, खोडात खिळे ठोकलेले असतील, दिव्यांच्या माळेची तार सालीत रुतलेली असेल, तर आपल्या विभागाच्या उद्यान खात्याला लेखी कळवा आणि अर्जाची पोच घ्या. फांदी धोकादायक वाटली तर मुंबईत १९१६ या क्रमांकावर फोन करा. झाडावर सूचना चिकटलेली दिसली तर ती वाचून पुढं जाऊ नका, हरकत नोंदवा. आणि समोरचा एखादा खड्डा रिकामा असेल, तर तिथं झाड लावून द्या अशी मागणी करा आणि पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून दोनदा बादलीभर पाणी घालायची जबाबदारी सोसायटीच्या सभेत वाटून घ्या. पारशी कॉलनीतल्या सावलीत बसताना आपल्याला जे सुख मिळतं, त्याची आखणी करणारा माणूस पगारी इंजिनिअर होता. आपल्याकडून एक अर्ज आणि एक बादली एवढीच अपेक्षा आहे.