ससा, लस आणि आपली केरसुणी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या आळीत हल्ली चार-पाच घरी ससे आहेत. ते येतात मुलांच्या हट्टापायी. परंतु त्यांचे खाणेपिणे व दुखणेबाणे शेवटी आपल्याच पदरी पडते. कुत्र्याला टोचून आणतात, मग सशाला कोणती लस टोचावी, असे दोघी-तिघींनी मला विचारले. मी काही डॉक्टरीण नव्हे. ससे पाळताना जनावरांच्या डॉक्टरांकडून आणि वाचनातून जे समजले, ते सांगते.

लशीचे आणि सशाचे नाते जुने आहे. १८८५ साली फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांनी पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या एका मुलास लस दिली, ती सशाच्याच वाळविलेल्या मज्जारज्जूपासून केलेली होती. मुलगा वाचला. तेव्हा या मुक्या प्राण्याचे आपल्यावर ऋणच आहे.

विलायतेत सशांना दोन साथींविरुद्ध टोचतात. पहिली मिक्सोमॅटोसिस. हिच्यात डोळे व तोंड सुजते. डास आणि पिसवा ती पसरवितात. १८९६ साली हा रोग उरुग्वे देशात ध्यानात आला. १९५० साली ऑस्ट्रेलियात पिकांची नासाडी करणारे रानससे मारण्याकरिता तो मुद्दाम सोडला गेला. १९५२ साली फ्रान्समध्ये एका गृहस्थाने तो आपल्या आवारात सोडला, आणि पुढच्याच वर्षी तो इंग्लंडात पोचला. दुसरी साथ रक्तस्रावाची. ती १९८४ साली चीनमध्ये दिसली व तिची नवी जात २०१० साली फ्रान्समध्ये. हिच्यात कित्येकदा काही चिन्ह न दिसताच ससा दगावतो. आता तिकडे या सर्वांवर मिळून एकच टोचणी निघाली आहे. पाच आठवड्यांच्या पिलापासून ती देता येते व दरसाल पुन्हा द्यावी लागते.

आपल्याकडे सशाला टोचण्याची अशी सर्रास रीत नाही. आपल्या डॉक्टरांना जरूर विचारावे. परंतु कुत्र्यामांजराची लस सशाला चालेल, असे मात्र समजू नये. आणि खरे सांगायचे तर आपल्या घरांतले ससे बहुधा ओल, ऊन, भलते खाणे आणि उशीर यांनी जातात. यांवर लस नाही. यांवरचा उपाय आपल्याच हातांत आहे.

प्रथम खाणे. सशाचे दात जन्मभर वाढतात. गवत चावून ते झिजतात आणि पोटही साफ चालते. म्हणून वाळलेले गवत रात्रंदिवस पुढे असावे. हरळी, कोथिंबीर धुऊन, निथळून द्यावी. गाजर गोड, म्हणून बोटभर तुकडा पुरे. पोळी, भात, बिस्किटे मुळीच नकोत.

दुसरी ओल. कॉक्सिडिओसिस नावाच्या रोगाने लहान पिलांना हगवण लागते व ती पटापट मरतात. त्याचे बीज लेंड्यांतून पडते. परंतु ते बाधण्याजोगे व्हावयास ओल, ऊब आणि एक-दोन दिवस तरी लागतात. रोज सकाळी पिंजरा झाडून कोरडा केला, तर बहुतेक बीज बाधण्यापूर्वीच बाहेर जाते. साध्या केरसुणीत एवढे बळ आहे! पावसाळ्यात मागचा भागही पाहावा. तेथे घाण राहिली तर माश्या अंडी घालतात व अळ्या जिवंत मांस खातात. पिंजऱ्याला रात्री मच्छरदाणी लावावी.

तिसरे ऊन. सशाला आपल्यासारखा घाम येत नाही. चैत्र-वैशाखात पिंजरा पत्र्याखाली ठेवू नये. सावली, वारा, ओले गोणपाट आणि ताजे पाणी द्यावे. अंघोळ मात्र घालू नये.

आठवड्यातून एकदा कान, नाक, दात पाहावे. कानात तपकिरी खपल्या म्हणजे खरूज. शिंका येऊन पुढच्या पायांची आतली बाजू चिकट झाली, तर नाकाचा रोग समजावा. नवा ससा दोन-तीन आठवडे निराळा ठेवावा.

आता उशीर. ससा दुखणे लपवितो. त्याने बारा तास काही खाल्ले नाही, लेंड्याही पडल्या नाहीत, तर “उद्या पाहू” म्हणू नये. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. घरचे औषध देऊ नये. कुत्र्याच्या गोचिडांवरचे फिप्रोनिल सशाला विषासारखे आहे, आणि मुलांना देतो ते अमॉक्सिसिलिन तोंडाने दिल्यास त्याचे आतडे बिघडून तो मरू शकतो.

भगिनींनो, ससा आणण्यापूर्वी मुलांना विचारा, “रोज पिंजरा कोण झाडणार?” उत्तर मिळाले तरच आणा. दुसऱ्या जिवाची जबाबदारी कशी घ्यावी, हे मुले त्या केरसुणीपासूनच शिकतील.