दृढीकरण : मिळालेल्या वारशाचा स्वीकार

(हीरक महोत्सवानिमित्त पालक व माजी विद्यार्थी यांच्या मेळाव्यात झालेले भाषण)



शेजारच्या कॅथलिक कुटुंबाकडून कधी एक निमंत्रण येते : 'मुलीचे दृढीकरण आहे, अवश्य यावे.' मंडळी जातात, चर्चमधील विधी आदराने पाहतात, भेटवस्तू देतात, भोजन घेऊन परततात. परतताना मात्र मनात एक प्रश्न उरतो. हा समारंभ नेमका कशाचा? बारशासारखा म्हणावा, तर मुलगी चांगली चौदा-पंधरा वर्षांची आहे. मुंजीसारखा म्हणावा, तर येथे मुलगे आणि मुली एकाच रांगेत उभे आहेत. वसई आणि मुंबईतील मराठीभाषक कॅथलिक कुटुंबे आज देशभर पसरली असताना, त्यांच्या घरातील एका मोठ्या दिवसाचा अर्थ इतरांना ठाऊक असणे उचित आहे. आणि ज्यांच्या घरी तो दिवस येतो, त्यांनीही तो नव्याने समजून घेणे तितकेच अगत्याचे आहे.

कॅथलिक परंपरेत सात संस्कार मानले जातात. त्यांपैकी स्नानसंस्कार, दृढीकरण आणि ख्रिस्तशरीर हे तीन ख्रिस्ती जीवनाचा आरंभ करून देणारे संस्कार होत. स्नानसंस्कार बहुधा तान्हेपणी होतो. त्या वेळी श्रद्धेची वचने बाळाच्या वतीने आईवडील आणि धर्ममातापिता उच्चारतात. बाळाला त्यांतले काहीच कळत नसते. वारसा मिळतो, तो न मागता.

दृढीकरणाचे मूळ बायबलमधील 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात आहे. ईस्टरनंतर पन्नासाव्या दिवशी, पेंटेकॉस्टच्या सणाला, प्रेषितांवर पवित्र आत्मा उतरला. भयाने दबलेली ती माणसे उघडपणे बोलू लागली. पुढे शोमरोनातील लोकांनी बाप्तिस्मा घेतल्याचे कळल्यावर पेत्र आणि योहान तेथे गेले, त्यांनी त्या लोकांवर हात ठेवले आणि त्यांना पवित्र आत्म्याचे दान लाभले. हात ठेवण्याची ती कृती आजही या विधीत टिकून आहे.

आरंभीच्या शतकांत स्नान आणि तैलाभ्यंग एकाच विधीत होत असत. श्रद्धावंतांची संख्या वाढली, गावोगावी ख्रिस्तसभा उभ्या राहिल्या आणि प्रत्येक ठिकाणी बिशप पोहोचणे अशक्य झाले. यावर पूर्वेने आणि पश्चिमेने वेगवेगळे मार्ग काढले. पूर्वेकडील परंपरांत धर्मगुरूच बाळाला स्नानसंस्काराबरोबर हा अभ्यंग देऊ लागले. पश्चिमेकडील लॅटिन परंपरेने हा संस्कार बिशपांकडे राखून ठेवला, आणि म्हणून तो पुढे ढकलला गेला. भारतात हे दोन्ही मार्ग शेजारी शेजारी नांदतात. केरळातील सिरो-मलबार परंपरेत हा अभ्यंग तान्ह्या बाळाला होतो. वसई, मुंबई आणि गोव्यातील लॅटिन परंपरेत तो जाणत्या वयात होतो. 1910 साली पोप दहावे पायस यांनी प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकारण्याचे वय सुमारे सात वर्षांवर आणले, तेव्हापासून अनेक ठिकाणी तो संस्कार आधी आणि दृढीकरण नंतर, असा क्रम रूढ झाला.

आता प्रत्यक्ष विधीकडे वळू. मिस्साबलिदानात प्रवचनानंतर उमेदवार उभे राहतात. बिशप त्यांना स्नानसंस्काराची वचने विचारतात : दुष्टाचा त्याग करता काय? पित्यावर, पुत्रावर, पवित्र आत्म्यावर श्रद्धा ठेवता काय? एकेकाळी ज्यांची उत्तरे आईवडिलांनी दिली होती, त्याच प्रश्नांना आता मूल स्वतःच्या तोंडाने उत्तर देते. सर्वांवर हात पसरून बिशप प्रार्थना करतात. मग एकेक उमेदवार पुढे येतो. त्याचा धर्मपालक त्याच्या खांद्यावर उजवा हात ठेवतो. बिशप अंगठा पवित्र तेलात बुडवून उमेदवाराच्या कपाळावर क्रुसाची खूण करतात आणि पवित्र आत्म्याच्या दानाची मुद्रा स्वीकारण्यास त्याला सांगतात. तो 'आमेन' म्हणतो. बिशप त्याला शांती चिंततात. पूर्वी गालावर हलकी चापटी देण्याची प्रथा होती; 1971 च्या सुधारित विधीत ती राहिली नाही.

हे तेल वनस्पतीचे, परंपरेने ऑलिव्हचे असून त्यात सुगंधी द्रव्य मिसळलेले असते. पवित्र गुरुवारी किंवा त्याच्या आसपास बिशप ते अभिमंत्रित करतात आणि तेथून ते धर्मप्रांतातील सर्व चर्चना दिले जाते. तेल मुरते, सुगंध पसरतो. श्रद्धाही तशीच अंतरी मुरावी आणि बाहेर दरवळावी, असा त्याचा आशय. मुद्रा एकदाच उमटते. म्हणून हा संस्कार आयुष्यात दुसऱ्यांदा होत नाही.

पवित्र आत्म्याची सात दाने सांगितली जातात : सुज्ञता, आकलन, सल्ला, धैर्य, ज्ञान, भक्तिभाव आणि ईश्वराचे भय. त्यांचा उगम यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात आहे. या यादीत ज्ञान आणि सुज्ञता वेगळी मोजली आहेत, हे शिक्षकांनी आणि पालकांनी विशेष ध्यानी घ्यावे. परीक्षेत उत्तम गुण मिळवणारा मुलगाही कोणाची संगत धरावी आणि कोणाची सोडावी येथे अडखळतो. सल्ल्याचे दान म्हणजे योग्य निवड ओळखण्याची दृष्टी. धैर्याचे दान म्हणजे ती निवड चारचौघांत निभावण्याचे बळ. वर्गात दुबळ्या सहाध्यायाची थट्टा चालू असता हसण्यात सामील न होणे, हे त्या धैर्याचे पहिले प्रात्यक्षिक. आणि ईश्वराचे भय म्हणजे दंडाची धास्ती नव्हे. ज्याच्यावर निरतिशय प्रेम आहे त्याला दुखवू नये, अशी ती जपणूक होय.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. दृढीकरण म्हणजे मुलाने आपली श्रद्धा दृढ केल्याची ग्वाही, असे अनेकांना वाटते. ख्रिस्तसभेची शिकवण याहून सखोल आहे. येथे दृढ करणारा ईश्वर आहे. मूल हे दान स्वीकारणारे आहे. म्हणूनच तान्ह्या बाळालाही ते देता येते आणि मरणोन्मुख मुलाला तर वयाची वाट न पाहता दिले जाते. तथापि ज्याला समज आली आहे, त्याने योग्य शिक्षण घेतलेले असावे, मनाची तयारी केलेली असावी आणि वचनांचा स्वतः पुनरुच्चार करण्यास तो समर्थ असावा, अशी अपेक्षा धर्मविधीच्या नियमांतच आहे.

घरातील खरी कसोटी येथेच लागते. हॉल ठरलेला असतो, कपडे शिवून झालेले असतात, पाहुण्यांना निरोप गेलेले असतात. आणि एखादे मूल हळूच म्हणते, 'मला अजून खात्री वाटत नाही.' अशा वेळी 'लोक काय म्हणतील' हे वाक्य आईवडिलांच्या ओठांवर येते. ते त्यांनी आवरावे. मुलाची शंका हा अपमान नाही. ते बहुधा श्रद्धेविषयी त्याने स्वतः केलेल्या विचाराचे पहिले लक्षण असते. त्याच्याशी बोलावे, धर्मगुरूंची भेट घडवावी, गरज पडल्यास एक वर्ष थांबावे. सोहळा पुढे गेल्याने काही बिघडत नाही. मनावाचून उच्चारलेला 'आमेन' मात्र आयुष्यभर पोकळ वाजत राहतो. दृढीकरण झाले की तरुण चर्चकडे पाठ फिरवतात, ही खंत अनेक ठिकाणी ऐकू येते. तिच्या मुळाशी पुष्कळदा हीच घाई असते.

मग सोहळा साजरा कसा करावा? आनंद अवश्य करावा, गोडधोड करावे. परंतु धर्मपालक निवडताना नात्याचा मान किंवा भेटीचे मोल पाहू नये. अडचणीच्या रात्री मूल ज्याला निःसंकोच हाक मारील, अशी श्रद्धावान व्यक्ती पाहावी. शक्य तर स्नानसंस्काराचीच धर्ममाता किंवा धर्मपिता असावा, असे ख्रिस्तसभाही सुचवते. एखाद्या संताचे नाव घेण्याची प्रथा असेल, तर त्या संताचे चरित्र घरात एकत्र वाचावे. त्या दिवशी आजी-आजोबांनी आपल्या श्रद्धेच्या पडत्या काळाची गोष्टही नातवंडांना सांगावी. केवळ विजयकथांनी तरुण मन दृढ होत नाही.

या संस्काराचे मराठीशीही नाते आहे. 1616 साली फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' गोव्यात रायतूर येथे छापले गेले आणि ख्रिस्ती आशय मराठी ओवीत अवतरला. उपासनेची भाषा मात्र दीर्घकाळ लॅटिन होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 साली लोकभाषांना द्वार उघडले, आणि वसईतील मुले आपली वचने मराठीत उच्चारू लागली. ज्या भाषेत आईशी भांडावे, त्याच भाषेत ईश्वराला होकार द्यावा, हे भाग्य लहान नाही.

महाराष्ट्राबाहेर मराठी शाळा साठ वर्षे चालते, तिच्यापुढेही हाच प्रश्न असतो. पहिलीच्या वर्गात मुलाचे नाव आईवडील घालतात. भाषेचा वारसा त्याला न मागता मिळतो. पुढे एक दिवस असा येतो, की त्याच्या वतीने कोणालाच उत्तर देता येत नाही. त्या दिवसापर्यंत त्याला समजावून सांगणे, त्याच्या शंका ऐकणे आणि खांद्यावर हात ठेवून मागे उभे राहणे, एवढेच वडीलधाऱ्यांच्या हाती असते. पाऊल त्याचे त्यानेच टाकायचे असते.