हरणाऱ्या बाजूचा माणूस
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला 'श्रद्धा' या विषयावर दहा मिनिटं बोलायला सांगितलं. आपल्या वर्गात ख्रिस्ती असा मी एकटाच, म्हणून हा विषय माझ्या वाट्याला आला असावा. घाबरू नका, प्रवचन करणार नाही. ते आमच्या पाळकसाहेबांचं काम. मी आधी क्रिकेटबद्दल बोलणार आहे.

त्याला कारण आहे. चार वर्षांपूर्वी माझी पत्नी वारली. आजार दीड वर्ष चालला. मंडळीत दर रविवारी तिच्यासाठी प्रार्थना होत होती, घरी तर रोजच. ती गेल्यानंतर काही महिन्यांनी आपल्यातलाच एक जण मला भेटायला आला. तो आत्ता इथे बसला आहे, नाव सांगत नाही. चहा झाल्यावर म्हणाला, "राग नको मानू गड्या, पण एवढी प्रार्थना केली तुम्ही, भेटलं काय? तरी दर रविवारी जाणं काही सोडलं नाही तू."

विचारायची हिंमत केली म्हणून तो मला जवळचा वाटतो. बाकीचे सांत्वन करून गेले. मी त्याला उलटा प्रश्न केला, "तू विदर्भाची बाजू काऊन नाही सोडली?"

तो हसला, पण माझा प्रश्न थट्टेचा नव्हता. विदर्भाचा संघ रणजी करंडकात पहिल्यांदा उतरला 1957-58 मध्ये. तेव्हा आपल्यापैकी कुणी जन्मलंही नव्हतं. त्यानंतर 60 वर्षं आपला संघ एकदाही अंतिम फेरीत पोचला नाही. तिकडे मुंबईने तोवर एकूण 41 वेळा करंडक नेला होता. समुद्रपुरात बसून मुंबईची बाजू घ्यायला कुणाची मनाई होती का? गावसकर त्यांचे, वेंगसरकर त्यांचे, पुढे तेंडुलकरही त्यांचाच. शाळेच्या दिवसांत हा माझा मित्र पानठेल्यावर पेपर उघडून शेवटच्या पानावरचा बारीक टाइपातला धावफलक शोधायचा. विदर्भ हरलेला असायचा. पेपर घडी करून ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी परत यायचा. आपला संघ आपला असतो, एवढंच त्याचं म्हणणं. त्यातून काय भेटलं, हे त्याने कधी मोजलं नाही.

मग डिसेंबर 2017 आला. कोलकात्याला उपांत्य सामन्यात कर्नाटकावर अवघ्या 5 धावांनी विजय, गुरबानीच्या दुसऱ्या डावात 7 विकेट. इंदूरच्या अंतिम सामन्यात दिल्लीविरुद्ध त्याचीच हॅट्ट्रिक, वाडकरचं शतक. 1 जानेवारी 2018 ला आम्ही नववर्षाच्या उपासनेहून बाहेर पडलो, तर अंगणात अर्धी मंडळी मोबाइलवर स्कोअर बघत होती. त्या दिवशी विदर्भ 9 गडी राखून जिंकला. पुढच्या वर्षी पुन्हा जिंकला आणि 2025 मध्ये जामठ्याला केरळविरुद्ध तिसऱ्यांदा. आता जामवरून नागपूरला जाताना जामठ्याचं स्टेडियम दिसलं की सगळेच म्हणतात, आपली टीम! 2018 नंतर आलेल्यांवर माझा मित्र थोडा चिडतो. मी त्याला येशूच्या द्राक्षमळ्याचा दाखला ऐकवतो. त्यात दिवस मावळताना कामावर आलेल्या मजुरालाही मालक पूर्ण रोजी देतो. दिवसभर राबलेल्यांना ते आवडत नाही. मित्रालाही आवडत नाही.

पण इथेच थांबलो तर तुमची फसवणूक होईल. 'धीर धरा, एक दिवस करंडक मिळतो' असं मला म्हणायचं नाही. माझ्या घरी ते इंदूर आलं नाही. आम्ही पुनरुत्थान मानतो, पण त्याचं वेळापत्रक कुणाच्या हातात नाही. म्हणून मला विदर्भापेक्षा दुसरा एक सामना जास्त जवळचा वाटतो. तो आमचे बाबा सांगायचे.

विजय हजारे सांगलीचे, 1915 चा जन्म, मराठी ख्रिस्ती घरातले. 1948 मध्ये ॲडलेडला ब्रॅडमनच्या ऑस्ट्रेलियाविरुद्ध एकाच कसोटीत 116 आणि 145 काढणारे. 1952 मध्ये मद्रासला भारताने पहिली कसोटी जिंकली तेव्हाचे कर्णधार. पण बाबांची गोष्ट याची नव्हती, 1943 च्या पंचरंगी सामन्याची होती. मुंबईत ही स्पर्धा धर्मावर व्हायची: हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन. देशी ख्रिस्ती, ज्यू, बौद्ध यांचा मिळून जो संघ होता, त्याचं नावच 'द रेस्ट', म्हणजे उरलेले! अंतिम सामन्यात हिंदूंनी 5 बाद 581 वर डाव सोडला. उरलेल्यांचा पहिला डाव 133 वर संपला, त्यात हजाऱ्यांच्या 59. फॉलोऑन मिळाला. दुसऱ्या डावात हजारे एका टोकाला उभे राहिले. दुसऱ्या टोकाला त्यांचा भाऊ विवेक. दोघांची भागी 300 धावांची, त्यात विवेकच्या फक्त 21. हजारे 309 वर बाद झाले आणि संघ 387 वर. बाकी सगळे आणि अवांतर मिळून 78. तरी सामना एक डाव आणि 61 धावांनी गेला.

आमच्या घरी त्या विवेकच्या 21 धावांचं कौतुक 309 पेक्षा जास्त होतं. बाबा म्हणायचे, त्याने काय केलं, तर टिकून राहिला. पत्नीच्या शेवटच्या महिन्यांत मंडळीतल्या दोन म्हाताऱ्या बाया रोज संध्याकाळी यायच्या, पलंगाशी बसायच्या, एक गीत म्हणायच्या आणि जायच्या. बरं करायचं त्यांच्या हातात नव्हतं. मित्रा, मला काय भेटलं, तर ते.

बाबा एक गोष्ट मात्र आवर्जून पुढे जोडत. याच पंचरंगी स्पर्धेबद्दल हिंदू जिमखान्याची मंडळी डिसेंबर 1940 मध्ये गांधीजींना भेटायला आपल्या वर्ध्याला आली होती. धर्मावर संघ पाडणं गांधीजींना मान्य नव्हतं, हे सामने बंद व्हावेत असंच त्यांनी सांगितलं. 1946 मध्ये ते बंद झालेही. बाबांना हजाऱ्यांचा अभिमान आणि गांधीजींचं म्हणणंही पटलेलं. मला त्यात विसंगती दिसत नाही. आपल्या बाजूला घट्ट असणं निराळं आणि समोरच्याला परका मानणं निराळं. नाताळाच्या करंज्या खायला तुम्ही सगळे आमच्या घरी यायचात आणि गिरडच्या यात्रेला मी तुमच्याबरोबर असायचो, तेव्हा कुणाचीच बाजू सुटली नव्हती.

शेवटचं एक, आणि इथे क्रिकेट कामाला येत नाही. खेळात ऐन वेळी पाठ फिरवणाऱ्याला पुन्हा संघात घेत नाहीत. पेत्राने येशूला अटक झाल्या रात्री तीनदा सांगितलं, मी या माणसाला ओळखत नाही. सकाळ व्हायच्या आत. निवड समितीपुढे त्याचं नाव परत आलं नसतं. येशूने मात्र नंतर समुद्रकिनाऱ्यावर विस्तवावर मासे भाजून त्याला न्याहारी दिली आणि तीनदा एकच प्रश्न विचारला, माझ्यावर प्रेम करतोस का? मग कळप त्याच्याच हवाली केला. पत्नी गेल्यावर काही रविवारी मी मागच्या बाकावर नुसता बसून असे, तोंडातून गीताचा शब्द निघत नसे. तेव्हा माझ्या चिकाटीपेक्षा त्या न्याहारीचा आधार जास्त वाटला.

सर माझ्याकडे बघून घड्याळ दाखवत आहेत. शाळेतही असंच दाखवायचे.