कर्कॉडीच्या प्रेक्षक स्त्रिया
(अभ्यासवर्गातील भाषणाचा संक्षिप्त मजकूर)



अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला स्कॉटलंडमधील कर्कॉडी हे गाव परिचित असते ते अ‍ॅडम स्मिथचे जन्मस्थान म्हणून. बाजारपेठेचा भाष्यकार म्हणून जग त्याला ओळखते. परंतु त्याआधी, १७५९ साली, त्याने नीतिशास्त्रावर ग्रंथ लिहिला आणि आपल्या आचरणाचे परीक्षण करणाऱ्या ‘निःपक्षपाती प्रेक्षका’ची कल्पना त्यात मांडली. २०२२ साली त्याच गावच्या फुटबॉल मैदानावर हा प्रेक्षक स्त्रियांच्या रूपाने उभा राहिला.

त्या वर्षी ३१ जानेवारीला तेथील रेथ रोव्हर्स क्लबने डेव्हिड गुडविली या खेळाडूशी करार केला. त्याने व त्याच्या एका सहखेळाडूने एका स्त्रीवर बलात्कार केला, असा निष्कर्ष काढून दिवाणी न्यायालयाने २०१७ साली तिला एक लाख पौंडांची भरपाई मंजूर केली होती. फौजदारी खटला मात्र पुरेशा पुराव्याअभावी उभाच राहिला नव्हता. मधली जवळजवळ पाच वर्षे तो दुसऱ्या एका क्लबकडून खेळला, तेथे कर्णधारही झाला. रेथच्या चालकांनी सांगितले की, हा निर्णय प्रामुख्याने खेळाच्या दृष्टीने घेतलेला आहे.

लेखिका व्हॅल मॅकडर्मिड या क्लबच्या आजन्म चाहत्या. त्यांचे वडील याच क्लबसाठी होतकरू खेळाडू हेरीत असत. त्यांनी आपले आर्थिक पाठबळ तत्काळ काढून घेतले. महिला संघाच्या कर्णधार टायलर रॅट्रे यांनी संघ सोडला; पाठोपाठ महिला संघच क्लबपासून वेगळा झाला.

यावर एक आक्षेप घेतला जातो. फौजदारी न्यायालयाने दोषी न ठरवलेल्या माणसाची रोजी हिरावणे न्याय्य आहे काय? श्रमाचा हक्क मानणाऱ्यांनी हा प्रश्न टाळू नये. परंतु या स्त्रियांनी केले ते इतकेच, की आपले नाव, आपला पैसा आणि आपल्या टाळ्या त्याच्यामागे उभ्या करण्यास त्यांनी नकार दिला. खेळाडू हा केवळ मजूर नसतो; मुले त्याचे नाव पाठीवर मिरवतात. क्लब ही साऱ्या गावाची ठेव असते आणि तिच्यात स्त्रियांचाही वाटा असतो.

३ फेब्रुवारीला क्लबने चूक कबूल केली. तो खेळाडू रेथच्या वतीने एकदाही मैदानात उतरला नाही.

गोल करतो, मते आणतो, देणग्या मिळवतो, म्हणून एखाद्याच्या वर्तनाकडे काणाडोळा करण्याचा मोह प्रत्येक संस्थेला होतो. अशा वेळी प्रश्न विचारणाऱ्या स्त्रीलाच संस्थेची वैरीण ठरवले जाते. कर्कॉडीत तो प्रश्न विचारला, तो क्लबवर जन्मभर प्रेम केलेल्यांनी. आपल्या बैठकीत उद्या एखादी भगिनी असा प्रश्न घेऊन उभी राहिली, तर प्रथम एवढे आठवावे.