बोलता येतं, मग लिहिताना हात का अडतो?

आम्ही हडपसरच्या बचत गटातून बोलतोय. आम्ही चौदा जणी आहोत. कुणी सोलापूरकडच्या, कुणी लातूरच्या. दोघींच्या घरी कानडी बोलतात, एकीच्या घरी तेलुगू. म्हणजे आमच्यातल्या तिघींना मराठीसुद्धा शेजारपाजाऱ्यांकडून शिकावी लागली.

हडपसर तुम्ही पाहिलं नसेल तर थोडं सांगतो. इथं एका बाजूला भाजीबाजाराची गर्दी आणि दुसऱ्या बाजूला मगरपट्टा सिटी. तिथं पूर्वी शेती होती. सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी आपली ४०० एकरांच्या आसपास जमीन एकत्र केली आणि ती विकून टाकण्याऐवजी स्वतःच तिथं वसाहत उभी केली. आता तिथं सगळ्या मुलखांतली माणसं राहतात, आणि आमचे पापड, चकल्या, शेंगदाण्याची चटणी तीच घेतात. त्यामुळे हिंदीशिवाय आमचं एक दिवस चालत नाही.

आमची हिंदी कशी, तर “ताजा है भाभी, सकाळीच तल्या है” अशी. कुणी हसत नाही, आणि हसलं तर आम्हीही हसतो. एकदा एका गिऱ्हाईक बाई म्हणाल्या, “डिब्बा खाली है क्या?” आमची मैत्रीण लगेच वाकून टेबलाखाली डबा शोधायला लागली. त्या रिकामा डबा मागत होत्या! दोघींनी हातवारे केले, डबा मिळाला, वर पावशेर चटणीही खपली. बोलण्यात चूक झाली तरी ती तिथल्या तिथं निस्तरता येते.

पण गेल्या दिवाळीत काय झालं ते ऐका. एका सोसायटीतल्या बाईंनी आमच्याकडं तोंडी ३० किलो फराळ ठरवला. नंतर त्यांनी फोनवर इंग्रजीत लिहून विचारलं, की किलोचा दर काय, कधी पोचवाल, पक्कं बिल देणार का. गटाचा फोन ज्या ताईंकडं होता, त्या आमच्यात सगळ्यांत फाडफाड हिंदी बोलणाऱ्या. भाव करण्यात त्यांचा हात कुणी धरत नाही. त्यांनी तो मेसेज उघडला, बघितला आणि फोन पालथा ठेवला. दोन दिवस उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी त्या बाईंनी दुसरीकडं सांगून टाकलं.

आमची भाजणी तोवर दळून आली होती. ती पुढं सुटी विकली, कमी भावात. सगळा हिशेब केला तेव्हा दोन हजारांच्या वर तोटा निघाला.

बैठकीत दोघी-तिघी त्यांच्यावर चिडल्या. “निदान फोन तरी करायचा होता!” ताई म्हणाल्या, “त्यांनी लिहून विचारलं, मग मला वाटलं लिहूनच द्यायला पाहिजे. आठवीनंतर मी सहीशिवाय काही लिहिलेलं नाही. तोंडानं विचारलं असतं तर सांगितलं नसतं का?” यावर कुणाला बोलता येईना.

मग आमच्यातल्या बी.ए. झालेलीनंही कबूल केलं, की तिचं बरोबर उलटं आहे. इंग्रजीचा अख्खा पेपर तिनं लिहिला, पास झाली, आजही अर्ज लिहून देईल. पण समोरच्यानं इंग्रजीत एक वाक्य विचारलं की घसा कोरडा पडतो. चूक होईल ही भीती दोघींना सारखीच, एकीला कागदापुढं, दुसरीला माणसापुढं.

आम्हाला वाटतं यात अक्कल कमी-जास्त असण्याचा काही संबंध नाही. बोलताना समोर चेहरा असतो, हात असतात, समोरची व्यक्ती पुन्हा विचारते. लिहिलेलं एकटंच पडतं. ते दुसऱ्याला दाखवता येतं, त्यावर हसता येतं. हिंदीची लिपी आपल्यासारखीच, म्हणून सोपी वाटते, पण ‘शिक्षा’ लिहिलं तर तिकडं ते शिक्षण आणि आपल्याकडं छडी! गिऱ्हाइकाला समोर सांगताना हा घोळ लगेच कळतो, लिहून पाठवला की तसाच राहतो.

आनंदीबाई जोशींचं नाव तुम्ही ऐकलं असेल. कल्याणच्या, पुढं अमेरिकेत जाऊन १८८६ साली डॉक्टर झालेल्या. नवरा पोस्टात नोकरीला, त्यानंच शिकवलं. अमेरिकेत कार्पेंटर नावाच्या एक बाई होत्या, त्यांना आनंदीबाई इंग्रजीत पत्रं लिहायच्या. आधी पत्रं, मग भाषण. २४ फेब्रुवारी १८८३ ला बंगालमधल्या सेरामपूर कॉलेजात, भरल्या सभेत, आपण अमेरिकेला का चाललोय हे त्यांनी इंग्रजीत सांगितलं. तेव्हा त्यांना अठरावं वर्षही पुरं झालेलं नव्हतं. त्या पत्रांनी त्यांना आधी हिंमत दिली असणार असं आम्हाला वाटतं. आमच्या ताईंची वाट उलटी आहे, आधी जीभ आणि मग हात. दोन्ही वाटा चालतात.

आणि पंडिता रमाबाई? १८८२ साली पुण्यात शिक्षणाच्या चौकशीसाठी हंटर आयोग आला. इंग्रज साहेबापुढं रमाबाईंनी साक्ष दिली ती मराठीत. मुलींसाठी स्त्री शिक्षिका हव्यात, बायकांना डॉक्टरकीचं शिक्षण मिळावं, हे सांगितलं, आणि त्याचं इंग्रजी दुसऱ्यांनी केलं. पुढं पाच वर्षांनी त्यांचंच इंग्रजी पुस्तक अमेरिकेत निघालं. पण नेमकं सांगायची वेळ आली तेव्हा त्या इंग्रजी येण्याची वाट बघत बसल्या नाहीत. हे आम्हाला फार आवडतं.

म्हणून बँकेतली एक गोष्ट सांगतो. खातं उघडायचा फॉर्म, पैसे भरायची स्लिप, पासबुक ही छापील कागदपत्रं इंग्रजी, हिंदी आणि तिथल्या भाषेत, म्हणजे आपल्याकडं मराठीत, द्यायला हवीत असं रिझर्व्ह बँकेनं बँकांना सांगितलेलं आहे. चेकसुद्धा मराठीत लिहिता येतो. तेव्हा इंग्रजी फॉर्म पुढं आला तर गुपचूप शेजारच्या माणसाकडून भरून घेऊ नका. “मराठी फॉर्म द्या” एवढं म्हणा. आम्ही पहिल्यांदा म्हटलं तेव्हा त्यांना कपाट उघडून शोधावं लागलं, पण निघाला. कर्जाच्या कागदावर तर वाचून घेतल्याशिवाय सही नकोच, मग मागं रांग कितीही असो.

आता आमच्या बैठकीत पंचसूत्रीचं काम झालं, म्हणजे बचत, कर्ज, परतफेड, दप्तर सगळं उरकलं, की वीस मिनिटं लिहायची. एकीनं गिऱ्हाईक व्हायचं, दुसरीनं आधी तोंडी उत्तर द्यायचं आणि मग तेच, जसंच्या तसं, वहीत उतरवायचं. नवीन सजवायचं नाही. “चकली ४०० रुपये किलो. शुक्रवारी मिळेल. बिल देऊ.” झालं. ज्या वाक्यांची रोज गरज पडते ती आम्ही मराठी, हिंदी आणि इंग्रजीत एका वहीत लिहून ठेवलीत. फोनमध्ये बोललं की आपोआप टाइप होतं, तेही वापरतो, पण पाठवायच्या आधी वाचतो. एकदा ‘शेव’ बोललं तर ‘सेवा’ उमटलं होतं. आकडे आणि तारीख तर दोघींनी बघायची हा नियमच केलाय. सगळ्या जणी येतात असं नाही, दोघी अजून “आमचं वय झालं” म्हणून बाहेर ओट्यावर बसतात.

गेल्या महिन्यात ताईंनी पहिला मेसेज स्वतः टाइप केला. हिंदीत, दोन ओळींचा. पंचवीस मिनिटं लागली. त्यात ‘किलो’ चुकीचं होतं आणि ‘धन्यवाद’ दोनदा होतं. पलीकडून उत्तर आलं: पाच किलो पाठवा. त्या बाईंनीही ‘चकली’ चुकीचीच लिहिली होती. ताईंनी तो फोन आम्हा सगळ्यांना फिरवून दाखवला.