पाहुण्यासाठी बांधलेली वास्तू

संस्थानी राजधान्यांतून इंग्रज अधिकाऱ्यांच्या नावाने उभारलेल्या इमारती पुष्कळ आढळतात. त्यांपैकी कित्येकींचे वैभव संस्थानांबरोबरच लयास गेले. भोपाळच्या मिंटो हॉलच्या वाट्याला मात्र निराळे भाग्य आले.

१९०९ साली व्हाइसरॉय लॉर्ड मिंटो भोपाळास आले. गादीवर त्या वेळी नवाब सुलतान जहाँ बेगम होत्या. पाहुण्याच्या इतमामास साजेल असे सभागृह शहरात नाही, ही उणीव त्यांना जाणवली असे सांगतात. १२ नोव्हेंबर रोजी नव्या वास्तूची कोनशिला बसली. आराखडा ए. सी. रोवन यांचा होता. बांधकाम सुमारे चोवीस वर्षे रेंगाळले. मिंटो १९१४ मध्ये निवर्तले, १९२६ मध्ये बेगमसाहेबांनी गादी सोडली आणि पुत्र हमीदुल्ला खान यांच्या कारकिर्दीत काम पूर्णत्वास गेले.

छोट्या तलावानजीकच्या या शुभ्र वास्तूची धाटणी पाश्चात्त्य आहे. उंच खांब आणि मधले प्रशस्त दालन ही तिची शोभा. तिची मांडणी पंचम जॉर्जच्या मुकुटासारखी आहे, अशीही ख्याती आहे. मेजवान्यांसाठी योजलेल्या या वास्तूत १९४६ मध्ये हमीदिया महाविद्यालयाचे वर्ग भरू लागले.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्यप्रदेश राज्य जन्मास आले. विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले, नागपूरचे राजधानीपद संपले आणि तो मान भोपाळास मिळाला. नागपूर, ग्वाल्हेर, रीवा व भोपाळ येथे वेगवेगळे बसणारे आमदार मिंटो हॉलच्या एका छताखाली आले. महाकोशल, मध्यभारत, विंध्यप्रदेश आणि भोपाळ या चारही प्रदेशांचे जमीनविषयक कायदे भिन्न होते. एकाच राज्यातील दोन शेतकऱ्यांचे हक्क त्यामुळे दोन मापांनी मोजले जात. याच सभागृहाने संमत केलेली जमीन महसूल संहिता २ ऑक्टोबर १९५९ पासून अमलात आली आणि साऱ्या राज्याला एक कायदा लाभला. व्हाइसरॉयच्या स्वागताची वास्तू अशा रीतीने कुळाच्या आणि खातेदाराच्या उपयोगी पडली.

पुढे सभासदांची संख्या ३२० झाली. जागा अपुरी पडू लागली. १९९६ मध्ये विधानसभा अरेरा टेकडीवरील, चार्ल्स कोरिया यांनी रचलेल्या वर्तुळाकार भवनात गेली. सांचीच्या स्तूपाचे स्मरण देणारा घुमट त्या भवनावर आहे. जुनी वास्तू २०१८ मध्ये संमेलन केंद्र म्हणून पुन्हा खुली झाली, आणि २०२१ मध्ये तिला कुशाभाऊ ठाकरे यांचे नाव देण्याचे जाहीर झाले.

दारावरचे नाव काळानुसार पालटते. परंतु तेथे संमत झालेल्या कायद्याच्या आधारे आजही एखादा शेतकरी तहसील कचेरीत आपल्या बांधाचा हक्क सांगतो. त्या वास्तूचे खरे स्मारक तेच होय.